रान आणि वस्तीच्या सीमेवरचा बंब: खरेदीच्या पहिल्या कागदापासून पहिल्या हंगामापर्यंत

रान संपून घरं सुरू होतात त्या पट्ट्यात आग लागली की एकाच बंबाला दोन कामं करावी लागतात. आधी कच्च्या रस्त्याने चढून, चालत्या गाडीतून गवतावर पाणी मारायचं. मग अर्ध्या तासाने एखाद्या घराच्या छतात शिरलेली आग विझवायची, त्यासाठी हायड्रंटवरून, म्हणजे रस्त्याकडेच्या अग्निशमन नळावरून, पाणी घ्यायचं आणि श्वसनसंच चढवलेले जवान आत पाठवायचे. पहिल्या कामाला आखूड, हलकी, जमिनीपासून उंच गाडी लागते. दुसऱ्याला मोठा पंप, भरपूर होज, शिडी आणि किमान चार माणसं लागतात. या दोन्ही गरजा पूर्णपणे भागवणारी गाडी कोणताही कारखाना बनवू शकत नाही. म्हणून कोणत्या कामात किती तडजोड चालेल हे दलाने स्वतः, लेखी आणि निविदेच्या आधी ठरवायला हवं. दलाने ठरवलं नाही तर ते विक्रेता ठरवतो. ते होऊ नये म्हणून खरेदी समितीवर नेमलेल्या अधिकाऱ्यांसाठी आणि उद्या ही गाडी चालवणाऱ्यांसाठी हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी: गाडी बाजूला ठेवा, काम लिहून काढा

मागच्या किमान पाच वर्षांच्या वर्द्या, म्हणजे आगीच्या खबरांच्या नोंदी, काढा. गवताची किंवा झुडपांची आग किती वेळा घरांपर्यंत आली, बंब रस्ता सोडून किती आत गेला, पाणी कुठून आणलं, शेजारच्या दलाची मदत किती वेळा घ्यावी लागली, हे प्रत्येक वर्दीपुढे लिहा. मग नकाशा घेऊन हद्दीत प्रत्यक्ष फिरा. सर्वात अरुंद फाटक, सर्वात तीव्र वळण, सर्वात कमी भारक्षमतेचा पूल, सर्वात कमी उंचीची फांदी किंवा कमान मोजून घ्या. ही चार मापं पुढे गाडीची रुंदी, चाकांमधलं अंतर, वजन आणि उंची ठरवतील. कॅटलॉग उघडायची वेळ त्यानंतरची.

"आमच्याकडे जंगलच नाही" असं म्हणणाऱ्या दलांनी कोलोरॅडोतली ३० डिसेंबर २०२१ची मार्शल फायर अभ्यासावी. ऐन हिवाळ्यात, सोसाट्याच्या वाऱ्यात, सुकलेल्या गवतातून ती आग उपनगरांत शिरली आणि हजाराहून अधिक घरं गेली. अशा आगीत वाऱ्यावर उडणारे निखारे पन्हळीत, छपराच्या फटीत, लाकडी ओट्याखाली जाऊन पडतात आणि ज्वाळा अजून लांब असतानाच घर पेटतं. त्यामुळे एका घरावर प्रचंड पाणी ओतण्यापेक्षा अनेक घरांपाशी थोडं थोडं पाणी झटपट पोचवणं इथे जास्त मोलाचं असतं. टाकी आणि पंप निवडताना हे विसरू नका.

प्रकार ठरवणं

अमेरिकेत बंबांचं क्रमांकांनुसार वर्गीकरण आहे आणि इतर देशांतल्या दलांनाही ते विचार करायला उपयोगी पडतं. टाइप १ म्हणजे शहरी बंब: मिनिटाला किमान १,००० गॅलन, म्हणजे सुमारे ३,८०० लिटर फेकणारा पंप, आणि ३०० गॅलनची, म्हणजे सुमारे १,१०० लिटरची टाकी. टाइप ३ रानातला: किमान ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर पाणी, आणि १७ बार दाबाला मिनिटाला १५० गॅलन, म्हणजे सुमारे ५७० लिटर देणारा पंप. टाइप ६ हा पिकअपच्या आकाराचा, दीडशे गॅलनचा हलका बंब.

शहरी बंबात पाणी कमी आणि पंप प्रचंड, रानातल्या बंबात पाणी जास्त, पंप लहान पण दाब मोठा. शहरी बंबाला हायड्रंटचा भरवसा असतो, रानातल्याला स्वतःच्या टाकीवरच भागवावं लागतं. सीमेवरचा बंब या दोघांच्या मध्ये बसतो: टाइप ३च्या चॅसिसवर टाइप १च्या जवळ जाणारा पंप आणि घरातल्या आगीचं साहित्य. दलाकडे चांगला शहरी बंब आधीच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नवी गाडी रानाकडे झुकलेली घ्या. ठाण्यात ती एकटीच उभी राहणार असेल तर मात्र घरातल्या आगीचं साहित्य कापू नका.

वजनाचा ताळेबंद

खरेदीत सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू. समजा, चॅसिसची एकूण भारमर्यादा १५,००० किलो आहे. पंप आणि बॉडीसह रिकामी गाडी १०,५०० किलो. पाणी २,५०० लिटर, म्हणजे तेवढेच किलो. फोम ८० किलो. चार माणसं पूर्ण पेहरावात, प्रत्येकी ११५ धरून ४६०. होज, शिडी, श्वसनसंच, करवती आणि हत्यारं ९००. बेरीज १४,४४०. शिल्लक ५६० किलो, चार टक्क्यांहूनही कमी.

कागदावर गाडी बसली. पण दोन वर्षांत कुणीतरी आणखी होज चढवेल, बॅटरीवरची कटर येईल, पिण्याच्या पाण्याचे खोके येतील, आणि गाडी कायमची ओव्हरलोड होईल. आता टाकी १,९०० लिटरवर आणून पाहा. सहाशे किलो सुटले, शिल्लक ११६० झाली. त्याची किंमत काय? मिनिटाला ६० लिटरच्या दोन लाइन, म्हणजे पाणी मारणाऱ्या दोन होज, चालवल्या तर २,५०० लिटर एकवीस मिनिटं पुरतात आणि १,९०० लिटर सोळा मिनिटं. म्हणजे पाच मिनिटांचं पाणी गेलं, आणि उतारावर तोल सांभाळणारी, ब्रेक लवकर धरणारी गाडी हाती आली. मी हा सौदा डोळे झाकून करेन. पण तुमच्या हद्दीत रस्ते सपाट आणि पाणी दुर्मीळ असेल तर उलट निर्णयही बरोबर ठरू शकतो. आकडे तुमचे घाला आणि गणित समितीसमोर मांडा.

एकूण वजनाइतकाच दोन्ही धुरांवरचा आणि डाव्या-उजव्या चाकांवरचा भारही विचारा. जड साहित्य एकाच बाजूच्या लॉकरमध्ये गेलं तर गाडी कायम तिकडे कललेली राहते. गुरुत्वमध्य जितका खाली तितकं चांगलं, म्हणून उंच आणि अरुंद टाकीपेक्षा बसकी आणि रुंद टाकी घ्या. टाकीत आडव्या-उभ्या पडद्या हव्यातच, नाहीतर अर्धी भरलेली टाकी वळणावर सगळं पाणी एका अंगाला फेकते. गाडी आडवी किती अंशांपर्यंत कलूनही स्थिर राहते याची चाचणी मागा. अमेरिकेच्या शहरी बंबांच्या मानकात हा आकडा पूर्ण भारासह २६.५ अंश होता. रानात जाणाऱ्या गाडीला त्याहून कमी चालणार नाही.

पंप: चालता चालता पाणी

निविदेत एक वाक्य ठळक हवं: गाडी पुढे सरकत असताना पंपाने कामाचा दाब दिला पाहिजे. नेहमीच्या शहरी बंबात इंजिनाची ताकद एकतर चाकांना मिळते, नाहीतर पंपाला. गाडी उभी करूनच पंप चालतो. गवताच्या आगीच्या कडेने जळून गेलेल्या बाजूला राहून सरकताना तो बंब निरुपयोगी.

यावर तीन उपाय आहेत. गिअरबॉक्सच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर काढून देणाऱ्या जोडणीवर, चालणारा पंप स्वस्त आणि हलका असतो, पण त्याचा वेग इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असतो. चढावर चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की नोझलचा दाब उसळतो, उतारावर पाय काढला की पडतो. हायड्रॉलिक मोटरवरचा पंप हा दोष बराच कमी करतो, मात्र त्याची देखभाल जाणकाराकडेच द्यावी लागते. तिसरा म्हणजे स्वतंत्र डिझेल इंजिनावरचा दुय्यम पंप: गाडी कशीही चालो, दाब स्थिर. त्याचं वजन, जागा आणि दुसऱ्या इंजिनाची निगा हा त्याचा खर्च. घरांसाठी मोठा मुख्य पंप आणि रानासाठी हा छोटा स्वतंत्र पंप, अशी जोडी सीमेवरच्या बंबात मला सर्वात पटते.

छोट्या पंपाला १७ बारचा दाब कशाला, असा प्रश्न खरेदीच्या बैठकीत हमखास निघतो. उत्तर पाठ ठेवा. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब खर्च होतो. बंबापासून साठ मीटर वर लाइन नेली की सहा बार गेले. नोझलला साधारण सात बार लागतात. उरलेले चार होजमधल्या घर्षणात जातात. हिशेब तिथेच पूर्ण झाला.

हायड्रंटवर विसंबून राहू नका. जानेवारी २०२५मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आगीत उंचावरच्या काही हायड्रंटचं पाणी आटलं होतं. तळं, विहीर, पोहण्याचा तलाव यांतून पाणी ओढता आलं पाहिजे, तेव्हा सक्शन होज, गाळणी आणि हातात उचलून नेता येईल असा पोर्टेबल पंप यादीत धरा. समुद्रसपाटीपासून हजार मीटर वर गेलं की सक्शनची ओढ मीटरभराने कमी होते, हे डोंगरी दलांनी लक्षात ठेवावं.

फोमविषयी थोडक्यात. लाकूड आणि गवतासाठीचा क्लास ए फोम ०.१ ते १ टक्का एवढाच लागतो. अर्ध्या टक्क्याने ८० लिटर फोम १६,००० लिटर पाण्याला पुरतो. मिश्रण पंपाच्या डिलिव्हरी बाजूला होणारी यंत्रणाच घ्या. फोम टाकीत ओतायची पद्धत टाकी, सील आणि व्हॉल्व्ह खराब करते.

चॅसिस

ऑल-व्हील ड्राइव्ह, डिफरन्शियल लॉक, पुढच्या-मागच्या बाजूला चढउतारासाठी पुरेसा कोन. मागे दुहेरी चाकं असतील तर त्यांच्या मध्ये दगड अडकून टायर फाटतो. रुंद एकेरी टायर तिथे सरस, मात्र त्याचा भार आणि सुटा टायर मिळण्याची सोय आधी तपासा. पुढे-मागे ओढण्याचे मजबूत हूक हवेत. हवा आत घेणाऱ्या नळीवर निखारे अडवणारी जाळी हवी, आणि रेडिएटरपुढची जाळी हत्यार न वापरता काढून झटकता आली पाहिजे, कारण राख आणि गवताचं कुसळ तिथे तासाभरात थर धरतं.

सायलेन्सरकडे खास लक्ष द्या. आधुनिक डिझेल इंजिनात धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो. त्या वेळी आतलं तापमान पाचशे-सहाशे अंशांच्या घरात जातं. सुक्या गवतावर उभ्या असलेल्या बंबात ही प्रक्रिया सुरू झाली तर बंबच आग लावेल. ती तात्पुरती थांबवणारा स्विच चालकाच्या हाताशी असावा, धुराचं तोंड जमिनीकडे नसावं, आणि कोणत्या जमिनीवर ही सफाई करायची याचा नियम ठाण्यात लावून ठेवावा.

आत बसलेल्यांचा जीव

२ डिसेंबर १९९८ रोजी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, लिंटन इथे, वाऱ्याने दिशा बदलली आणि आगीने एका टँकरला गाठलं. जीलाँग वेस्टच्या स्वयंसेवी तुकडीतले पाचही जण दगावले. त्यानंतर तिथल्या दलांनी गाडीच्या संरक्षणाचा नव्याने विचार केला आणि टाकीतलं काही पाणी कोणत्याही परिस्थितीत फक्त स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवायचं, हा दंडक झाला. आगीने घेरलं जाण्याची शक्यता हा विनिर्देशातला जोडपत्राचा विषय नाही. माझ्या मते ते पहिलं पान आहे.

काय मागायचं? केबिनच्या काचांवर आतून ओढायचे उष्णतारोधक पडदे. प्रत्येक सीटजवळ हाताला येईल असं लोकरी किंवा उष्णतारोधक कांबळं. केबिनभोवती आणि चाकांवर पाण्याचा फवारा सोडणाऱ्या नोझल, ज्यांचा पंप केबिनमधल्या एका बटणावर सुरू होतो. टाकी राखीव पातळीला आली की वाजणारा भोंगा.

आणि एक बाब, जी सहसा कुणाच्या यादीत नसते. गाडीखाली वाकून एअर ब्रेकच्या नळ्या बघा. बहुतेक चॅसिसना त्या नायलॉनच्या असतात. खालचं गवत पेटलं की नळी वितळते आणि हवा निसटते. हवेचा दाब गेला की स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात, तशीच त्यांची रचना असते. इंजिन चालू, रस्ता मोकळा, आणि गाडी जागेवरून हलत नाही. म्हणून एअर, इंधन आणि हायड्रॉलिकच्या नळ्या, तसंच विजेच्या तारा, उघड्या पडतील तिथे उष्णतारोधक वेष्टणात किंवा धातूच्या आवरणात हव्यात. हे काम नंतर वर्कशॉपमध्ये करणं जिकिरीचं असतं, कारखान्यात सोपं.

जोडण्या

२० ऑक्टोबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, त्यात २५ जण मृत्युमुखी पडले. मदतीला आलेल्या दलांना अडचण अशी आली की ओकलंडच्या हायड्रंटची तोंडं तीन इंची होती आणि त्यांच्या जोडण्या अडीच इंची. ॲडॉप्टर कमी पडले. तुमच्या मदतीला येणाऱ्या आणि तुम्ही मदतीला जाल अशा प्रत्येक दलाची कपलिंग पद्धत विचारून घ्या आणि लागणारे ॲडॉप्टर गाडीसोबतच मागवा. वायरलेसच्या चॅनेलचंही तसंच करा.

निविदा लिहिताना

दुसऱ्या दलाची जुनी निविदा उचलून नाव बदलायचं टाळा. त्यात त्यांच्या पुलाचं वजन आणि त्यांच्या रस्त्याचं वळण असतं. वस्तूच्या ब्रँडऐवजी कामगिरी लिहा: "पूर्ण भारासह इतक्या चढावर थांबून पुन्हा निघाली पाहिजे", "इतक्या उंचीवर इतका दाब मिळाला पाहिजे". आधार म्हणून मान्य मानक घ्या. अमेरिकेत एनएफपीए ही अग्निसुरक्षा संघटना मानकं काढते; तिथे शहरी बंबांचं एनएफपीए १९०१ आणि रानातल्या बंबांचं १९०६ ही दोन्ही २०२४च्या आवृत्तीत एनएफपीए १९०० मध्ये एकत्र झाली. युरोपात ईएन १८४६ आहे. जुनं क्रमांक लिहिलेलं कागदपत्र तसंच पुढे ढकलू नका.

अलीकडच्या वर्षांत ऑर्डर दिल्यापासून गाडी मिळायला अनेक ठिकाणी दोन वर्षं आणि त्याहून जास्त लागली आहेत. म्हणून करारात हे स्पष्ट हवं: मधल्या काळात किंमत वाढली तर कोणत्या सूत्राने वाढेल, चॅसिसचं किंवा इंजिनाचं मॉडेल बदललं तर दलाची लेखी संमती लागेल, उशिराला दंड काय. आगाऊ रक्कम भरून सूट मिळत असेल तर त्या रकमेएवढी बँक हमी घेतल्याशिवाय एक पैसाही सोडू नका. देयकं टप्प्यांना बांधा आणि शेवटचा मोठा हप्ता चाचणीनंतरच द्या. सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि जवळचं दुरुस्ती केंद्र किती अंतरावर आहे, याला गुणांकनात खरं वजन द्या. वर्षाच्या कोरड्या चार महिन्यांत गाडी वर्कशॉपमध्ये पडून राहिली तर बाकीच्या गुणांचा उपयोग नाही.

कारखान्यातल्या तीन भेटी

पहिली भेट बांधणी सुरू होण्याआधी, नकाशे समोर ठेवून. दुसरी सांगाडा उभा राहिल्यावर, पत्रे चढण्याआधी, कारण नळ्या आणि तारांची वाट नंतर दिसत नाही. तिसरी गाडी पूर्ण झाल्यावर. तीनही भेटींना एक चालक आणि एक मेकॅनिक न्या. अधिकाऱ्याला रंग दिसतो, मेकॅनिकला ऑइल फिल्टरपर्यंत हात पोचतो का ते दिसतं. जवानांना पूर्ण पेहरावात आणि हातमोजे घालून सगळे लॉकर उघडायला लावा. बुटक्या जवानाला वरची होज खाली घेता येते का, अंधारात पॅनेलवरची अक्षरं वाचता येतात का, हे तिथेच कळतं. ठरलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी लिहून दोघांच्या सह्या घ्या.

ताबा घेण्याआधीची चाचणी

पूर्ण भरलेली गाडी, सगळं साहित्य आणि माणसांसह, वजनकाट्यावर चढवा. प्रत्येक धुरा वेगळा मोजा. कागदावरचा ताळेबंद आणि काट्याची पावती शेजारी ठेवा.

मुख्य पंप शहरी दर्जाचा असेल तर त्याची एनएफपीएची चाचणी अशी असते: पूर्ण क्षमतेला सुमारे १० बारवर दोन तास, मग दाब किंचित वाढवून १० मिनिटं, ७० टक्के क्षमतेला सुमारे १४ बारवर अर्धा तास आणि ५० टक्क्यांना सुमारे १७ बारवर अर्धा तास. कारखान्याच्या प्रमाणपत्रावर थांबू नका. तुमच्याच हद्दीतल्या सर्वात वाईट चढावर, पूर्ण भरून, उन्हाच्या वेळी गाडी न्या. चालत्या गाडीतून लाइन चालवा आणि दाबाचा काटा बघत राहा. बचावाचा फवारा राखीव पाण्यावर किती मिनिटं चालतो, हे घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा केबिनमध्ये चिकटवा. जवानांना तो ऐन वेळी माहीत असणं गरजेचं आहे.

पहिला हंगाम

गाडी सेवेत घेण्याआधी प्रत्येक चालकाला रस्त्याबाहेरचं वेगळं प्रशिक्षण द्या. शहरात निष्णात असलेला चालक उतारावर आडवी गाडी घालू शकतो, आणि इथे चूक सुधारायला जागा नसते. चालक, नोझलवरचा जवान आणि पुढे चालणारा मार्गदर्शक यांच्या खुणा ठरवून सराव करा. केबिनचे पडदे ओढून, फवारा चालू करून, कांबळ्याखाली बसण्याचा सराव इतक्यांदा व्हावा की तो मनात विचार न येता घडेल.

प्रत्येक आगीनंतर गाडी धुऊन खालून तपासा: नळ्यांचं वेष्टण, बॉडीचे बोल्ट, स्प्रिंगच्या पट्ट्या, टाकीचे आधार. रानात पिळवटणारी चॅसिस आणि कडक बॉडी यांच्या जोडावर पहिल्याच वर्षी भेगा पडू शकतात. हमीची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी गाडी वर्कशॉपच्या तपासणी-खड्ड्यावर घेऊन पूर्ण तपासणी करा आणि सगळ्या तक्रारी एकदम लेखी द्या. पंपाची चाचणी दर वर्षी कोरडा हंगाम सुरू होण्याआधी घ्या. पंधरा वर्षांनंतर गाडी राखीव ताफ्यात आणि पंचवीसनंतर निवृत्त, अशी एनएफपीएची शिफारस आहे. रानात राबणारी गाडी त्याआधीच थकते, तेव्हा पुढच्या गाडीसाठी निधी बाजूला टाकायला पहिल्याच वर्षी सुरुवात करा.